चिपच्या ट्रेची भांडणं: पार्श्वभूमी

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सर्किट बोर्डांवर चिप बसवण्याचं काम चालतं. तिथे चिप येतात त्या रिळांवर किंवा काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमधून. रिकामा ट्रे कोपऱ्यात जाऊन पडतो. त्याच्या घडणीवरून अमेरिकेत खटले लढवले गेलेत, हे सांगूनही पटायचं नाही.

मूळ शोधायचं तर जेडेकपाशी जावं लागतं. मानकं ठरवणाऱ्या या संस्थेने ट्रेची बाहेरची मापं बांधून दिली: लांबी 322.6 मिमी, रुंदी 135.9 मिमी, दिशा कळावी म्हणून एक कोपरा छाटलेला. कुणाचाही ट्रे कुठल्याही मशीनवर बसावा, हा हेतू. सोय झाली खरी, पण बाहेरून सगळेच ट्रे सारखे झाले. स्वतःचं म्हणून काही करायला उरले ते आतले कप्पे.

आणि कप्प्यातच खरी कसरत आहे. क्यूएफपी नावाच्या चिपला चारही बाजूंनी बारीक पाय असतात. ते 0.1 मिमीपेक्षा जास्त वरखाली झाले की सोल्डरिंग बिघडतं. म्हणून चिपचं अंग उचलून धरायचं आणि पाय अधांतरी ठेवायचे. नव्वदीच्या दशकात बीजीए ही नव्या घडणीची चिप रुळली आणि पाय जाऊन पोटाखाली सोल्डरचे गोळे आले. आता टेकायला जागा एकच, गोळ्यांच्या बाहेरची अरुंद कड. शिवाय खालची बाजू तपासायला ट्रेची चळत उलटी करतात, तेव्हा चिप वरच्या ट्रेच्या पाठीवर नीट बसली पाहिजे. थोडक्यात, पाठही कप्प्याइतकीच विचारपूर्वक घडवावी लागते.

न्यू हॅम्पशायरच्या आर. एच. मर्फी कंपनीला 1995 मध्ये बीजीए ट्रेचं पेटंट मिळालं. पुढे तिने पीक इंटरनॅशनल या ट्रे बनवणाऱ्या कंपनीला आणि तिच्या काही ग्राहकांनाही, आपल्या पेटंटांचा भंग होत असल्याचं कळवलं. इलिनॉय टूल वर्क्स या कंपनीशीही मर्फीचा खटला झाला. ग्राहकांना गाठणं ही माझ्या मते यातली सगळ्यात धूर्त चाल. स्वस्तातल्या ट्रेसाठी वकिलांवर खर्च करण्यापेक्षा चिप कंपनी सरळ पुरवठादार बदलेल.

आपल्याकडे 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 48 बनवणं आणि विकणं यांच्याबरोबर वापरणं आणि आयात करणंही पेटंटधारकाच्या हक्कात धरतं. अमेरिकी पेटंट मात्र गोव्यात चालत नाही. इथल्या अर्जदाराचं पेटंट कार्यालय मुंबईचं. कुणी म्हणेल, डिझाइनची नोंदणी करून भागवू. पण 2000 च्या डिझाइन कायद्यात केवळ यांत्रिक रचनेला जागा नाही, आणि कप्प्याचं रूप त्याच्या कामातूनच ठरतं.

गुजरातेत साणंदला चिप पॅकेजिंगचे कारखाने उभे राहत आहेत, त्यांना ट्रे लागणारच. वेर्णा-कुंडईच्या मोल्डिंगवाल्यांनी साचा कापण्याआधी भारतात चालू असलेली पेटंटं तपासून घ्यावीत. मर्फीच्या 1995 च्या पेटंटाची मुदत मात्र केव्हाच संपली आहे. त्यातला कप्पा आता कुणीही बनवावा.