दोन हेपबर्न: ऑड्री कोणती आणि कॅथरिन कोणती?

१९५३ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधल्या युबेर द जिव्हाँशी या अवघ्या २६ वर्षांच्या फॅशन डिझायनरला निरोप आला, की हॉलिवूडच्या मिस हेपबर्न त्याला भेटायला येणार आहेत. तो हरखून गेला. हेपबर्न म्हणजे अर्थातच कॅथरिन, वीस वर्षांपूर्वीच ऑस्कर मिळवलेली नामवंत नटी. प्रत्यक्षात दारातून आत आली एक किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची मुलगी. अंगात साधा टी-शर्ट, घोट्याच्या वरच संपणारी चौकड्यांची अरुंद पॅन्ट, पायांत चपट्या तळाचे बूट आणि व्हेनिसचे नावाडी घालतात तसली गवती हॅट. ती होती ऑड्री. तिचा ‘रोमन हॉलिडे’ अजून लोकांपर्यंत पोचायचा होता, त्यामुळे तिचा चेहरा पॅरिसमध्ये कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

जिव्हाँशीने तिला नम्रपणे सांगितलं, की नव्या कलेक्शनची धांदल चालू आहे, तुमच्यासाठी वेगळं काही करायला वेळ नाही. मग आधीच शिवून तयार असलेल्यांतून निवडू का, असं तिने विचारलं आणि ‘साब्रिना’ या चित्रपटासाठी तिथूनच कपडे उचलले. पुढे चार दशकं टिकलेल्या मैत्रीची सुरुवात अशी माणूस ओळखण्यातल्या गफलतीतून झाली.

ज्याचं पोटच या क्षेत्रावर, त्याची गफलत झाली. मग आपली होते यात नवल नाही. कॅथरिनच्या फोटोखाली ऑड्रीचं नाव, ऑड्रीच्या नावावर कॅथरिनचे ऑस्कर, दोघी बहिणी किंवा मायलेकी असल्याचा ठाम समज, हे सगळं सर्रास दिसतं. दोघींचं दूरचंही नातं नव्हतं. कॅथरिनचं हेपबर्न हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या घराण्याचं आडनाव. ऑड्रीच्या जन्मदाखल्यावर मात्र आडनाव होतं रस्टन. तिच्या वडिलांचा असा समज होता, की आपण स्कॉटलंडच्या मेरी राणीचा तिसरा नवरा जेम्स हेपबर्न याच्या वंशातले आहोत, म्हणून त्यांनी ते आडनाव मागाहून जोडलं.

दोघींमध्ये २२ वर्षांचं अंतर. कॅथरिनचा जन्म १२ मे १९०७ चा, हार्टफर्डचा. वडील मूत्ररोगतज्ज्ञ, आई स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि संततिनियमनासाठी जाहीरपणे लढणारी. मोर्चे, सभा, जेवणाच्या टेबलावर वाद, असं ते घर. त्यात १९२१ मध्ये थोरला भाऊ टॉम गेला. त्याला मृतावस्थेत पाहिलं ते तिनेच. नंतर कित्येक वर्षं ती स्वतःचा वाढदिवस म्हणून त्याची तारीख, ८ नोव्हेंबर, सांगत राहिली. ब्रिन मॉर कॉलेजातून १९२८ मध्ये पदवी घेतली, १९३२ मध्ये पहिला चित्रपट केला आणि ‘मॉर्निंग ग्लोरी’साठी १९३३ चं ऑस्कर मिळवलं.

ऑड्री जन्मली ४ मे १९२९ ला, ब्रुसेल्समध्ये. आई डच उमराव घराण्यातली. वडील ती सहा वर्षांची असताना घर सोडून गेले. युद्धाच्या काळात ती हॉलंडमध्ये आर्नहेम आणि शेजारच्या वेल्पला होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाचा पुरवठा रोखला आणि पश्चिम हॉलंडमध्ये सुमारे वीस हजार माणसं मेली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. पंधरा वर्षांच्या ऑड्रीला रक्तक्षय झाला, अंगावर सूज आली. तिला बॅले नर्तकी व्हायचं होतं. युद्धानंतर लंडनला मारी राम्बेर यांच्याकडे ती शिकायलाही गेली, पण उंची जास्त आणि उमेदीची वर्षं उपासात गेलेली, त्यामुळे मुख्य नर्तकी होणं शक्य नाही असं तिला स्पष्ट सांगण्यात आलं.

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगतेय. ऑड्रीची फॅशन म्हटली की पहिली गोष्ट निघते तिच्या कंबरेची, मानेची, नाजूक बांध्याची. मुली आजही तसं दिसण्यासाठी जेवण तोडतात. त्या बांध्यामागे बॅलेची मेहनत होती आणि एका मुलीची उपासमारही होती. ते सौंदर्याचं माप म्हणून पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात मारणं मला मनापासून चुकीचं वाटतं. कौतुक करायचंच तर तिने त्या शरीरासाठी कपडे किती विचाराने निवडले, त्याचं करावं.

‘साब्रिना’मधला काळा कॉकटेल ड्रेस बघा. गळा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत. आपल्याकडे ब्लाउज शिवताना बोट नेक म्हणतात तोच. दोन्ही खांद्यांवर छोटी बो. गळा वर असल्यामुळे हासळीची वर आलेली हाडं झाकली जातात आणि लांब मान उठून दिसते. कंबर घट्ट, खाली घेर. खडे नाहीत, झालर नाही, सगळी मदार बेतण्यावर. त्या वर्षी वेशभूषेचं ऑस्कर पॅरामाउंटच्या एडिथ हेडला मिळालं आणि श्रेयनामावलीत जिव्हाँशीचं नाव कुठेच नव्हतं. ऑड्रीला ते फार लागलं. पुढच्या चित्रपटांत मात्र ते नाव पडद्यावर येत राहिलं: ‘फनी फेस’, ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’, ‘शराड’, ‘हाउ टू स्टील अ मिलियन’. म्हणजे ऑड्रीची फॅशन ही दोघांनी मिळून केलेली गोष्ट. रेषा तो आखायचा, काय वगळायचं ते तिला कळायचं.

कॅथरिनच्या बाबतीत सगळं वेगळ्याच टोकापासून सुरू होतं. तिला पोहायला हवं होतं, गोल्फ हवा होता, टेनिस हवं होतं. फेनविकच्या समुद्रकाठच्या घरी ती कडाक्याच्या थंडीतही पाण्यात उतरायची. १९३८ च्या चक्रीवादळात ते घर वाहून गेलं, तर तिथेच नवं बांधलं. अशा बाईला मोजे ताणून, टाचा उंचावून दिवस काढणं जमणारच नव्हतं. तिने पॅन्ट घातली ती चालता-बसता-धावता यावं म्हणून.

आज यात विशेष काय, असं वाटेल. पण १९३८ मध्येच लॉस एंजेलिसच्या न्यायालयात साक्ष द्यायला पॅन्ट घालून आलेल्या एका बालवाडी शिक्षिकेला न्यायाधीशाने पाच दिवसांच्या कैदेची शिक्षा सुनावली होती. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली खरी, पण तिथवर जावं लागलं. त्याच शहरात, त्याच दशकात कॅथरिन स्टुडिओत पॅन्ट घालून वावरत होती. आरकेओ स्टुडिओतल्या लोकांनी एकदा तिची पॅन्ट ड्रेसिंग रूममधून काढून नेली, तेव्हा ती परत मिळेपर्यंत कॅथरिन आतल्या कपड्यांवर सेटवर फिरली, असं सांगतात. लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात पॅन्ट घातलेल्या बाईला लॉबीतून जायला मनाई होती, तर ती नोकरांच्या दारातून ये-जा करायची, हीही तशीच प्रसिद्ध गोष्ट. तपशील सांगणाऱ्यागणिक थोडेफार बदलतात, पण बाई स्कर्टमध्ये परतली नाही हे नक्की. १९८१ मध्ये टीव्हीवर बार्बरा वॉल्टर्सने विचारलं, तुमच्याकडे स्कर्ट आहे तरी का? एक आहे, तुमच्या अंत्यविधीला घालीन, असं तिने सांगितलं.

याची किंमतही तिने मोजली. १९३८ मध्ये चित्रपटगृहांच्या मालकांनी गल्ला बुडवणाऱ्या कलाकारांची यादी जाहिरात देऊन छापली, त्यात तिचं नाव होतं. चित्रपट पडत होते हे खरं, पण ही बाई उर्मट आहे, वर्तमानपत्रवाल्यांना जुमानत नाही, बायकांसारखी वागत नाही, हा रागही त्यामागे होता. ती न्यूयॉर्कला गेली, ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हे नाटक गाजवलं आणि त्याचे चित्रपटाचे हक्क हातात ठेवून हॉलिवूडला परतली. ते हक्क तिला हॉवर्ड ह्यूजेस या धनाढ्य निर्मात्याने घेऊन दिले होते. १९४० च्या त्या चित्रपटातले एड्रियनने केलेले तिचे पोशाख अप्रतिम आहेत. तिला उंची गाऊन शोभत नसत असं कुणी म्हणत असेल, तर त्याने ते पाहावेत.

आता फोटोत ओळखायचं कसं? ‘पॅन्ट घातलेली ती कॅथरिन’ ही खूण फसवी आहे, कारण ऑड्रीही पॅन्टमध्ये खूप दिसते. बघायचं ते बेतणं. ऑड्रीची पॅन्ट पायाला लागून, घोट्याच्या वर थांबणारी, बहुधा काळी, खाली बॅलेसारखे चपटे बूट; इटलीच्या साल्वातोरे फेरागामोने तसे बूट खास तिच्यासाठी बनवले होते. कॅथरिनची पॅन्ट कंबरेवर उंच, पुढे चुण्या, पायात ऐसपैस, कापड जमिनीपर्यंत सरळ सुटलेलं. पुरुषांच्या पॅन्टसारखी शिवलेली, रंग बहुतेक वेळा खाकीकडे झुकणारा. वर शर्ट, बाह्या दुमडलेल्या, आणि उतारवयात मान झाकणारी उंच कॉलर. ऑड्री कॅमेऱ्यापुढे स्थिर असतानाही चित्रासारखी बसते. कॅथरिनचा चांगला फोटो म्हणजे पाय टेबलावर, हात खिशात, नाहीतर हसताना मान मागे टाकलेली.

ऑस्करचा हिशेब तर हमखास उलटा सांगितला जातो. कॅथरिनची चार, सगळी मुख्य अभिनेत्रीची; अभिनयासाठी इतकी मुख्य पारितोषिकं आजवर कुणालाच मिळालेली नाहीत. ऑड्रीचं अभिनयाचं एकच, ‘रोमन हॉलिडे’चं, समाजकार्यासाठीचं जीन हर्शोल्ट पारितोषिक तिच्या मृत्यूनंतर मिळालं. दोघी एकाच वर्षी एकाच पारितोषिकासाठी स्पर्धेत होत्या, तेही दोनदा. १९५९ च्या चित्रपटांसाठी दोघींना डावलून ते सिमोन सिन्योरेला गेलं. १९६७ साठी ऑड्री होती ‘वेट अन्टिल डार्क’मुळे आणि कॅथरिन ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मुळे, जिंकली कॅथरिन. ते घ्यायला ती गेली नाही. चारपैकी एकही ती स्वतः घ्यायला गेली नाही. ऑस्करच्या मंचावर ती एकदाच आली, १९७४ मध्ये, एका निर्मात्याचा सन्मान करायला, आणि तेव्हाही काळ्या पॅन्ट-कोटात.

गोंधळ वाढवणारा आणखी एक धागा म्हणजे दोघींभोवतीची माणसं तीच. कॅरी ग्रँट कॅथरिनबरोबर चार चित्रपटांत आहे आणि ऑड्रीबरोबर ‘शराड’मध्ये. दिग्दर्शक जॉर्ज क्युकरने कॅथरिनला पडद्यावर आणलं आणि ऑड्रीचा ‘माय फेअर लेडी’ही त्याचाच. त्या चित्रपटाचे कपडे सेसिल बीटनचे, आणि १९६९ मध्ये कॅथरिन ब्रॉडवेवर ‘कोको’ या संगीतिकेत चक्क कोको शनेल झाली तेव्हा तिथले कपडेही बीटनचेच. पॅन्ट घालते म्हणून जिला टोकलं गेलं, तिने रंगभूमीवर फॅशनच्या सम्राज्ञीची भूमिका करावी, याचा मला फार आनंद वाटतो.

वारसा कुणाचा मोठा, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: कॅथरिनचा. ऑड्रीचा वारसा डोळ्यांना दिसतो, पोस्टरवर येतो, विकत घेता येतो. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’च्या काळ्या गाऊनच्या मोजक्या प्रतींपैकी एक जिव्हाँशीने लेखक दोमिनिक लापियेर यांना दिली होती. डिसेंबर २००६ मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमध्ये तिला ४ लाख ६७ हजार २०० पौंड आले आणि ते पैसे लापियेर यांच्या संस्थेमार्फत आपल्याकडच्या, बंगालमधल्या गरिबांसाठी गेले. ऑड्रीची सावली आपल्या पडद्यावरही पडली आहे. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) करताना दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी साधनाचं रुंद कपाळ झाकायला ऑड्रीसारखी केसांची झालर कापून घेतली, आणि साधना कट गावोगावच्या मुलींच्या कपाळावर आला. कॅथरिनचं असं काही दाखवता येत नाही, कारण तिने मिळवलेली गोष्ट आता मिठासारखी सगळ्यात विरघळली आहे. सकाळी पॅन्ट चढवून ऑफिसला निघालेल्या बाईला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्यामागे कोण होतं हे आठवायचीही गरज पडत नाही.

ऑड्रीने १९८८ पासून युनिसेफसाठी इथिओपिया ते सोमालिया जे काम केलं, ते मात्र कपड्यांच्या कुठल्याही तुलनेपलीकडचं आहे. युद्धानंतर मदतीच्या पाकिटांवर वाढलेली ती मुलगी ते ऋण विसरली नव्हती. सोमालियाहून परतल्यावर काही महिन्यांतच, २० जानेवारी १९९३ ला, ती स्वित्झर्लंडमधल्या तोलोशना गावी कर्करोगाने गेली, वय ६३. कॅथरिन तिच्यानंतर दहा वर्षं जगली आणि २९ जून २००३ ला फेनविकच्या त्याच घरी, ९६ व्या वर्षी गेली. मोबाइलवर फिरणारी ती कविता, सुंदर ओठांसाठी गोड बोला आणि सुंदर डोळ्यांसाठी इतरांतलं चांगलं बघा असं सांगणारी, दोघींपैकी कुणाचीच नाही. ती सॅम लेव्हनसन या अमेरिकी लेखकाची. ऑड्रीला ती आवडायची, एवढंच.

दोघींमधला फरक एका बैठकीत कळायला हवा असेल, तर हम्फ्री बोगार्ट असलेले दोन चित्रपट पाठोपाठ बघा. ‘द आफ्रिकन क्वीन’मध्ये (१९५१) कॅथरिन उंच गळ्याच्या, लांब बाह्यांच्या कपड्यांत बोटीचं सुकाणू धरते आणि चिखलपाण्यात उतरते, कपडे भिजतात, मळतात आणि बाई मोकळी होत जाते. ‘साब्रिना’मध्ये (१९५४) ड्रायव्हरची मुलगी पॅरिसहून परतून स्टेशनवर उभी असते, अंगात जिव्हाँशीचा गडद सूट, डोक्याला घट्ट टोपी, शेजारी कुत्रा, आणि लहानपणापासून तिला पाहिलेला मालकाचा धाकटा मुलगाही तिला ओळखत नाही.