पाच अक्षरं, दुसरं ‘आर’: शब्द सापडतो कसा?

गेल्या आठवड्यात मुलुंडहून सीएसएमटीला जाताना लोकलमध्ये समोर कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या. फोनवर शब्दकोडं चाललं होतं. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, दुसरं अक्षर आर, शेवटचं ई आणि मध्ये कुठेतरी एन. भांडुप गेलं, कांजूर गेलं, शब्द काही सुचेना. शेवटी एकीने चॅटबॉटला विचारलं. त्याने ठामपणे ‘ब्रॉन्झ’ सांगितलं. बी-आर-ओ-एन-झेड-ई. अक्षरं सहा! मुलगी म्हणाली, “एवढं एआय, आणि याला पाचपर्यंत मोजता येत नाही?”

तिचा प्रश्न रास्त होता. असे चॅटबॉट मजकूर सुटय़ा अक्षरांत वाचत नाहीत. ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांत वाचतात, आणि एका तुकड्यात कधी चार अक्षरं असतात, कधी अख्खा शब्द. तुकड्याच्या आत डोकावून अक्षरं मोजणं हे त्यांचं मूळ काम नाही. ‘एआयला सगळं येतं’ असं जाहिराती सांगतात म्हणून ते खरं होत नाही. उलट याच कामासाठी एक साधी, जुनी पद्धत आहे. ती कधी चुकत नाही आणि मला ती फार सुंदर वाटते.

आधी आपल्याला शब्द का सुचत नाही ते पाहू. आपण शब्द पहिल्या अक्षरावरून आठवतो. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना विचारलं होतं, इंग्रजीत ‘के’ने सुरू होणारे शब्द जास्त की तिसरं अक्षर ‘के’ असलेले? बहुतेकांनी सुरुवातीचे म्हटलं. प्रत्यक्षात तिसऱ्या जागी ‘के’ असलेले जास्त आहेत, पण ते पटकन आठवत नाहीत. छापील शब्दकोशाचीही हीच अडचण आहे. दुसरं अक्षर आर असलेले शब्द हवे असतील तर ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत सगळे विभाग चाळावे लागतात.

आता लोकलचंच उदाहरण घ्या. प्रत्येक गाडीपुढे तिचे थांबे लिहिलेले आहेत असं वेळापत्रक समजा. घाटकोपर आणि दादर दोन्हीकडे थांबणाऱ्या गाड्या हव्या असतील तर प्रत्येक गाडीची ओळ वाचत बसावं लागेल. त्याऐवजी घाटकोपरला थांबणाऱ्या गाड्यांचा एक कागद आणि दादरला थांबणाऱ्यांचा दुसरा असेल, तर दोन्ही कागदांवर असलेल्या गाड्या टिपल्या की झालं. गाडीला तिचे थांबे विचारण्याऐवजी स्टेशनला त्याच्या गाड्या विचारायच्या. अशा यादीला उलट सूची म्हणतात. पुस्तकाच्या शेवटी असलेली सूची याच जातीची, आणि इंटरनेटवरची सर्च इंजिनंही याच पायावर उभी आहेत.

शब्दांना हेच लावू. गाडी म्हणजे शब्द आणि स्टेशन म्हणजे ‘अमुक जागी अमुक अक्षर’. जागा पाच, अक्षरं 26, म्हणजे 130 स्टेशनं. जॉश वॉर्डलने 2021 मध्ये लोकांसाठी खुला केलेला ‘वर्डल’ हा पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा खेळ आपल्याला माहीत आहेच. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत 12,972 पाच अक्षरी शब्द चालत असत. अक्षरं वाटेल तशी जुळवली तर 1,18,81,376 जुळण्या होतात, त्यांतले एवढेच शब्द. आता प्रत्येक स्टेशनासाठी 12,972 चौकटींची एक लांब पट्टी आखा. दरेक शब्दाला एक चौकट. शब्द त्या स्टेशनावर थांबत असेल तर 1, नसेल तर 0.

‘दुसऱ्या जागी आर’ ही पट्टी काढू. क्रेनच्या चौकटीत 1 आहे, ब्रेडच्या चौकटीत 1, आणि पी-एल-ए-एन-ई या प्लेनच्या चौकटीत 0. तिच्याखाली ‘पाचव्या जागी ई’ ही पट्टी ठेवा. क्रेन 1, ब्रेड 0, प्लेन 1. आता वरखाली बघत चला. दोन्हीकडे 1 असेल तरच 1 लिहायचा. क्रेन तेवढा उरला.

‘मध्ये कुठेतरी एन’चं काय? आर आणि ई यांच्या जागा ठरल्या, तेव्हा एन पहिल्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जागी असणार. त्या तीन पट्ट्या घ्या आणि कुठेही 1 असला तरी 1 लिहा. एखादं अक्षर नकोच असेल तर त्याच्या पाचही पट्ट्या अशाच एकत्र करून उलटवायच्या, 1 चा 0 आणि 0 चा 1. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ एवढ्या तीन शब्दांवर सगळं चालतं. हे बीजगणित 19व्या शतकात जॉर्ज बूल या गणितज्ञाने मांडलं. ते विजेच्या स्विचांनी करता येतं हे क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने 1937 मध्ये, विद्यार्थी असताना दाखवलं.

संगणकाला हे इतकं आवडतं, कारण 64 बिटांचा (बिट म्हणजे एक 0 किंवा 1) प्रोसेसर एका फटक्यात 64 चौकटी ताडून पाहतो. 12,972 चौकटींसाठी 203 फटके पुरतात. सगळ्या 130 पट्ट्या मिळून 16,86,360 बिट, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सुमारे 2 लाख 11 हजार बाइट. फोनमधला एक साधा फोटोसुद्धा बहुधा याहून मोठा असतो. जागा ठाऊक नसून नुसती अक्षरं ठाऊक असतील, तर शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमाने लावून खूण करतात. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ दोन्ही ई-आय-एल-एन-एस-टी या एकाच खुणेखाली येतात.

जाता जाता एक सांगतो. स्पेलिंगमध्ये जादा ‘ए’ घातला की नशीब फळफळतं, असं अंकशास्त्राच्या नावाने सांगून पैसे घेणारे आपल्या शहरात गल्लोगल्ली आहेत. अक्षराला कोणता आकडा द्यायचा हे माणसानेच ठरवलेलं असतं, आणि ते नाव देवनागरीत लिहिलं की तो जादा ‘ए’ दिसतही नाही. अक्षरं मोजून शब्द सापडतो, नोकरी नाही.

विक्रोळी येईपर्यंत मी त्या मुलींना वहीच्या मागच्या पानावर पट्ट्या आखून दाखवल्या. एन चौथ्या जागीच बसतोय हे त्यांनीच ओळखलं. क्रेन, प्रून, ड्रोन, प्रोन, ब्राइन, युरिन असे रोजच्या वापरातले शब्द उरले. आधीच्या प्रयत्नांत ओ, आय आणि यू बाद झालेले होते. क्रेन भरला आणि बरोबर म्हणून चौकटी हिरव्या झाल्या.

मग त्यांतली एक म्हणाली, “काका, मराठीत होईल का हो हे?”

मी ‘क्षितिज’ लिहिला. आपल्या कानाला तीन अक्षरं आहेत. क्षि, ति, ज. पण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, संगणक तो साठवतो क, हलन्ताची खूण, ष, ऱ्हस्व इकार, त, पुन्हा इकार आणि ज असा, म्हणजे सात चिन्हांत. तीन अक्षरी शब्द मागितला तर साधा प्रोग्रॅम क्षितिज देणारच नाही. आधी चिन्हं जोडून आपली अक्षरं बनवावी लागतील आणि मग पट्ट्या आखाव्या लागतील. ‘क्षि’ला एकच पट्टी द्यायची, की क, ष आणि इकाराला वेगवेगळ्या, यावर आम्ही दादरपर्यंत वाद घातला. ती म्हणत होती एकच, मी म्हणत होतो दोन्ही प्रकारच्या ठेवू. कागद तिने फाडून बरोबर नेला.