जुन्या प्रोग्रॅममागचा व्यावसायिक हेतू : पार्श्वभूमी

व्यावसायिक प्रोग्रॅम लिहिण्यासाठीच्या कोबोल या संगणकभाषेचे काम 1959 मध्ये कोडासिल या समितीने हाती घेतले, तेव्हा इंग्रजी वाक्यांसारखा दिसणारा कोड वाचूनच व्यवहाराचा नियम समजेल, अशी अपेक्षा होती. ती अर्धीच पुरी झाली. अमुक अटीवर अमुक आकारणी होते हे कोडवरून कळते. ती अट कायद्यामुळे आली, करारामुळे आली की यंत्राच्या मर्यादेमुळे, हे कळत नाही.

या उणिवेची किंमत, 2000 साल उजाडताना संगणकातल्या तारखा चुकू नयेत म्हणून केलेल्या दुरुस्तीत ठळकपणे दिसली. माहिती भोके पाडून नोंदवण्याच्या पंचकार्डावर रकाने 80 च असत आणि पुढेही साठवण महागच राहिली, त्यामुळे वर्षाचे शेवटचे दोन अंकच नोंदवण्याची रीत पडली होती. काही प्रोग्रॅममध्ये मात्र मुदतीच्या रकान्यातला 99 हा आकडा वर्ष नव्हताच. ‘मुदत नाही’ अशी ती खूण होती. तेथे दोनाचे सरसकट चार अंक केले, तर कायम चालू राहायचे खाते 1999 अखेर संपलेले ठरते. तारखेचे रकाने हुडकणारी साधने होती, पण हा भेद सांगायला त्या विभागात काम केलेला माणूसच लागे, आणि तो बहुधा निवृत्त झालेला असे.

हेतू न तपासता कोड पुढे नेण्याचे एक फार महागडे उदाहरण व्यापाराबाहेरचे आहे. 4 जून 1996 रोजी एरियान 5 हे रॉकेट उड्डाणानंतर 40 सेकंदांच्या आतच भरकटून नष्ट झाले. एरियान 4 या आधीच्या रॉकेटवरून घेतलेला, उड्डाणानंतरही काही काळ चालू राहणारा एक गणनभाग त्याला कारणीभूत ठरला. उलटगणती ऐनवेळी थांबली तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी, ही त्यामागची जुनी गरज नव्या रॉकेटला लागूच नव्हती; 64 बिटांची संख्या 16 बिटांत मावली नाही आणि दिशादर्शक यंत्रणा बंद पडली.

प्रोग्रॅमचे खरे ज्ञान मजकुरात नसून तो घडवणाऱ्यांच्या समजुतीत असते, असे डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी 1985 मध्येच मांडले होते. तरीही जुने प्रोग्रॅम नव्या भाषेत नेण्याची, म्हणजे स्थलांतराची, कामे बराच काळ ओळीमागून ओळ भाषांतर करूनच उरकली गेली. त्यातून निघालेल्या, जावा या नव्या संगणकभाषेच्या वेषातल्या कोबोलला या क्षेत्रात ‘जोबोल’ म्हणतात. पुढे प्रोग्रॅमचे जुने वर्तन आधी चाचण्यांत नोंदवून मगच बदल करण्याची रीत रुळली. ती उपयुक्त आहे, पण जुनी चूकही ती तितक्याच निष्ठेने जपते. कोणते वर्तन नियम आणि कोणते चूक, हा निवाडा व्यवहार जाणणाऱ्यालाच करावा लागतो.