तोन्कोत्सु आणि तोन्कात्सु: फरक एका मात्रेचा

गेल्या महिन्यात रविवारी रात्री आम्ही चौघं बालेवाडीच्या एका रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्सच्या, हॉटेलात गेलो. वहिनीला काहीतरी कुरकुरीत खायचं होतं. तिने मेनूवर बोट ठेवून नाव वाचलं, वेटरने लिहून घेतलं आणि थोड्या वेळाने तिच्यापुढे आला दुधासारख्या रश्शाचा वाफाळता वाडगा. तिने मागवलं होतं तोन्कात्सु, आलं होतं तोन्कोत्सु.

चूक होणं साहजिक आहे. रोमन लिपीत दोन्ही नावं एका अक्षराने वेगळी आहेत आणि घाईत वाचताना ते अक्षर निसटतं. देवनागरीत मात्र फरक लख्ख दिसतो. ‘को’वरची मात्रा काढली की ‘का’ उरतो, बस. जपानी शिकणाऱ्या माझ्या भाचीने तिथेच फोड करून सांगितली: ‘तोन’ म्हणजे डुक्कर, ते दोन्हीकडे आहे. ‘कोत्सु’ म्हणजे हाड. आणि ‘कात्सु’ हे ‘कात्सुरेत्सु’चं लघुरूप. ते मोठ्याने म्हणून पाहा, आपलं कटलेटच ऐकू येतं.

म्हणजे एक हाडांचा रस्सा, दुसरं तळलेलं मांस. एक वाडग्यात, दुसरं ताटलीत. पण हा फरक मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणाने. कात्सुमध्ये मांस डोळ्यांना दिसतं. कोत्सुमध्ये ते पाण्यात विरघळलेलं असतं.

आधी रस्सा. डुकराची हाडं उकळून पहिलं पाणी फेकून देतात, हाडं घासून धुतात आणि मग मोठ्या आचेवर तासन्‌तास खळखळा उकळतात. दहा-बारा तास सहज, काही ठिकाणी त्याहून जास्त. पायाचं सूप करताना आपण मंद आच ठेवतो, वर आलेला फेस काढतो, कारण आपल्याला ते नितळ हवं असतं. इथे उलट आहे. हाडांतलं आणि सांध्यांतलं कोलॅजेन उकळून जिलेटिन होतं, खळखळाटाने चरबीचे बारीक बारीक थेंब होतात आणि जिलेटिन त्यांना पाण्यात धरून ठेवतं. त्यामुळे रस्सा पांढरा, दाट आणि ओठांना किंचित चिकटणारा होतो. दुधाचा त्यात सहसा थेंबही नसतो.

या रश्शाचं गाव क्यूशू बेटावरचं कुरुमे. तिथे 1937 मध्ये एका गाडीवर हाडांच्या रश्शाचं रामेन मिळू लागलं, पण ते बऱ्यापैकी नितळ होतं. पांढरा रस्सा 1947 चा. भांडं चुलीवर जास्त वेळ राहिलं आणि रस्सा गढूळ झाला, तो चाखून पाहिला तर झकास लागला, असं सांगतात. शेजारच्या हाकाता भागात यात बारीक, सरळ नूडल्स घालतात. रामेनच्या नूडल्सना जो पिवळेपणा आणि चिवटपणा असतो तो कणकेत घातलेल्या क्षारामुळे येतो. पापडखार पापडाच्या पिठात जे काम करतो, तसलंच. बारीक नूडल्स गरम रश्शात लवकर मऊ पडतात, म्हणून हाकातात वाढणी लहान असते आणि संपली की उरलेल्या रश्शात नूडल्सची नवी वाढणी मागतात. तिला ‘काएदामा’ म्हणतात. वाडगा आला की फोटो काढत बसू नका. आमटीभाताचा भुरका मारतो तसा मारा. जपानमध्ये रामेन खाताना तो आवाज कोणाला खटकत नाही.

तोन्कात्सुची गोष्ट त्यामानाने सोपी. टोकियोच्या गिन्झामधल्या एका पाश्चात्त्य पद्धतीच्या हॉटेलात 1899 च्या सुमारास डुकराचं कटलेट भरपूर तेलात तळून द्यायला सुरुवात झाली, त्यातून पुढे हा पदार्थ घडला. मांसाचा जाड काप मैद्यात, मग फेटलेल्या अंड्यात, मग ‘पांको’त घोळवायचा आणि तळायचा. पांको म्हणजे पावाचा चुरा, पण आपल्या कटलेटवरच्या बारीक चुऱ्यासारखा नव्हे. मोठ्या, हलक्या पाकळ्यांचा. त्यामुळे आवरण उभं राहतं आणि तेल कमी धरतं. ताटलीत येताना त्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या केलेल्या असतात, कारण काड्यांनी खायचं असतं, सुरी नसते. सोबत केसासारखी चिरलेली कच्ची कोबी, आंबटगोड घट्ट सॉस, भात. जपानी मुलं परीक्षेच्या आधी कात्सु खातात, कारण ‘कात्सु’चा दुसरा अर्थ जिंकणं. पुण्यात बहुतेक ठिकाणी चिकन कात्सु मिळतं, ते याचंच भावंड. कोत्सुचंही चिकनचं भावंड आहे, ‘तोरी पायतान’. तेही तसंच पांढरं.

आता त्या रात्रीचं पुढचं. मावशी चिकन खाते, डुक्कर खात नाही. तिने वहिनीच्या वाडग्याकडे बघून विचारलं, “यात काय आहे हो?” वेटर म्हणाला, “मावशी, तुम्हाला वरचे काप काढून देतो की!” मुलगा मनापासून मदत करत होता, पण हे उत्तर चूक होतं. वरचे काप म्हणजे ‘चाशू’, डुकराचं शिजवलेलं मांस, ते काढले तरी खालचा सगळा रस्सा डुकराच्या हाडांचाच. न खाणाऱ्या माणसाला हे स्पष्ट सांगायला हवं. या शहरात एका टेबलावर सगळं खाणारा, फक्त अंडं खाणारा आणि काहीच न खाणारा असे तिघं शेजारी बसतात. तिथे ही माहिती मेनूवरच छापलेली असावी असं मला फार वाटतं.

मेनूवरचे मिसो, शोयु, शिओ हे शब्द याच पंगतीतले समजू नका. ते रश्शाचं नाव नव्हे, त्यात पडणाऱ्या चवीचं नाव: आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, सोया सॉस, मीठ. मिसो स्वतः सहसा शाकाहारी असतं, पण त्याखाली हाडांचा रस्सा किंवा सुकवलेल्या माशाचा अर्क, ‘दाशी’, असू शकतो. म्हणून विचारायचं ते “वर काय आहे” असं नाही, “रस्सा कशाचा” असं. आणि चिकन कात्सु मागवताना एवढंच: डुकराचं आणि हे एकाच तेलात तळता का? मावशीने ते विचारलं, मुलगा आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला, कढया वेगळ्या होत्या, आणि मग ती निवांत जेवली.