लान्झारोतेची गुहा आणि काळा माळ: एका बेटावरचे दोन उद्रेक

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लान्झारोतेवर एका दिवसाच्या सहलीत सहसा दोन जागा दाखवतात: उत्तरेची लाव्हा-गुहा आणि नैऋत्येच्या तिमानफाया राष्ट्रीय उद्यानातला लाव्ह्याचा काळा माळ. दोन्ही एकाच ज्वालामुखीची करणी असावी, असं वाटतं. पण त्यांच्यात सुमारे वीस हजार वर्षांचं अंतर आहे.

गुहा आधीची. सुमारे 21,000 वर्षांपूर्वी कोरोना ज्वालामुखीतून निघालेला पातळ लाव्हा समुद्राकडे वाहू लागला. वरचा थर हवेने थंड होऊन घट्ट झाला. त्या कवचाखाली उष्णता टिकल्याने आतला लाव्हा वाहत राहिला. उद्रेक ओसरल्यावर तो उतारावरून निघून गेला आणि नळी रिकामी झाली. ही नळी किनाऱ्यापर्यंत सुमारे 6 किलोमीटर आहे आणि पुढे समुद्राखाली आणखी दीड किलोमीटर जाते. पाण्याखालचा भागही कोरड्या जमिनीवरच घडला, कारण हिमयुगात समुद्र बराच खाली होता. छत कोसळून पडलेल्या खड्ड्यांना स्थानिक लोक ‘हामेओ’ म्हणतात.

गुहेच्या ‘कुएवा दे लोस व्हेर्देस’ या नावातल्या ‘व्हेर्देस’चा शब्दशः अर्थ ‘हिरवे’ असला, तरी हिरव्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. व्हेर्देस हे इथल्या एका कुटुंबाचं आडनाव. सोळाव्या-सतराव्या शतकांत चाचे आले की लोक इथे लपत. 1618 मध्ये मात्र अल्जियर्सच्या चाच्यांनी आतल्या शेकडो लोकांना पकडून नेलं. 1964 पासून गुहा सर्वांसाठी खुली आहे. आतली प्रकाशयोजना कलाकार हेसूस सोतो यांची. सुमारे एक किलोमीटरचा मार्ग वाटाड्याबरोबरच चालावा लागतो. त्याला पाऊण-एक तास लागतो आणि काही ठिकाणी कमरेत वाकावं लागतं, त्यामुळे पाठीचा त्रास असलेल्यांनी आधीच विचार करावा.

याच नळीतल्या हामेओस देल आग्वा या दुसऱ्या प्रेक्षणीय जागेला लान्झारोतेचे कलाकार सेझार मानरीके यांनी आजचं रूप दिलं. तिथल्या खाऱ्या तळ्यात जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे पांढरे, आंधळे खेकडे राहतात. पाण्यात नाणी टाकू नयेत: धातू गंजून पाण्यात उतरतो आणि तो त्यांना विषारी ठरतो.

तिमानफायाचा माळ अलीकडचा, इतका की त्याचा जन्म माणसांनी पाहिला. 1 सप्टेंबर 1730 रोजी जमीन फाटली आणि उद्रेक 1736 पर्यंत थांबत-चालत राहिला. यायझा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्झो कुर्बेलो यांनी पहिल्या काळाची नोंद ठेवली. सुमारे 200 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पाव बेट, लाव्हा आणि राखेखाली गेलं. सुपीक शेतं गेली, पण ला हेरिया भागात लोकांनी राखेत खड्डे खणून खालच्या जुन्या मातीत द्राक्षवेली लावल्या. वरची राख ओलावा उडू देत नाही.

1824 मध्ये पुन्हा छोटे उद्रेक झाले. उद्यानातल्या इस्लोते दे इलारियो या जागी 13 मीटर खोलीवर आजही सुमारे 600 अंश सेल्सियस तापमान आहे. खड्ड्यात टाकलेलं वाळकं झुडूप पेट घेतं. स्वतःची गाडी इथपर्यंतच नेता येते. पुढचा सुमारे 14 किलोमीटरचा फेरा उद्यानाच्या बसमधून होतो आणि वाटेत उतरू देत नाहीत, कारण दगडावर नुकतंच धरू लागलेलं दगडफूल पायाखाली गेलं तर ते परत यायला फार वर्षं लागतात.