अथणीची पायताणं: चामडं पारखायला कोण शिकवायचं?

कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या चपलांचा मोठा हिस्सा कोल्हापुरात शिवलाच जात नाही. अथणी, मदभावी, रायबाग, निपाणी या बेळगाव जिल्ह्यातल्या पट्ट्यात घराघरांत ही पायताणं तयार होतात आणि व्यापाऱ्यांच्या हातून पुढे जातात. २०१९ साली भौगोलिक मानांकनाची बातमी आली तेव्हा अनेकांना नवल वाटलं, कारण हे मानांकन आठ जिल्ह्यांना मिळून होतं: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कारागिरांना त्यात नवल नव्हतं. १९५६च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी सोयरीक आणि गिऱ्हाईक दोन्ही पूर्वीच्याच वाटेनं येत-जात राहिले.

हा धंदा कुणी एकट्यानं सगळा शिकत नसे. कातडं कमावणं ढोर समाजाकडे, चप्पल बांधणं चर्मकारांकडे. कन्नडमध्ये त्यांना समगार म्हणतात. दोघांचीही मुळं बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या शरणांपर्यंत, म्हणजे अनुयायी भक्तांपर्यंत, नेली जातात. समगारांचा हरळय्या, ढोरांचा कक्कय्या. हरळय्या आणि त्याच्या बायकोनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे बसवण्णांसाठी केले, ही कथा या भागात सर्वांना ठाऊक आहे. कक्कय्यांची समाधी खानापूर तालुक्यातल्या कक्केरीत आहे. चप्पल बांधणीतही पुन्हा दोन वाटण्या होत्या: तळ पुरुषांचा, वेणी आणि बरीचशी शिलाई बायकांची. शिकणं या तीन हातांत वाटलेलं होतं, आणि ते कुठून तुटत गेलं हे त्यामुळेच नीट दाखवता येतं.

कच्चं ते कातडं, कमावलेलं ते चामडं. मीठ लावलेलं कातडं आधी पाण्यात भिजवून मीठ काढायचं, मग चुन्याच्या हौदात. किती दिवस, याचं उत्तर हवेवर. उन्हाळ्यात चुना लवकर काम करतो, थंडीत रेंगाळतो. शिकणाऱ्याला दिवस मोजायला सांगत नसत. अंगठ्यानं रेटल्यावर केस मुळासकट सुटला की कातडं बाहेर काढायचं, एवढंच सांगत. चुन्यात जास्त राहिलं तर चामडं पुढे फुसकं होतं आणि वरच्या बाजूचा दाणा, म्हणजे पोत, सैल पडतो. कमी राहिलं तर केसांची मुळं आत उरतात. केस आणि आतलं मांस खरवडून झाल्यावर चुना धुऊन काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणून ते पोरांकडे. पण चपलेचं आयुष्य तिथंच ठरतं. चुना राहिला तर बाभळीच्या सालीचा कस, म्हणजे कातडं पिकवणारा तुरट अर्क, नीट आत शिरत नाही आणि वाळल्यावर तळ वाकवला की तडकतो.

पुढे बाभळीची साल. सालीच्या पाण्यात मुरल्यावर कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत कुटलेली साल आणि पाणी भरून आढ्याला टांगायचं. कसाचं पाणी झिरपत खाली येतं, ते पुन्हा वरून ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, नाहीतर तळाचा भाग पिकतो आणि तोंडाकडचा कच्चा राहतो. शेवटी हिरड्याचा हात. सगळं मिळून महिनाभराचं काम. पिकलं का हे पाहायचं तर कडेला रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, बारीक काप घ्यायचा. मधोमध फिकी रेघ दिसली तर चामडं कच्चं आहे. शिवणीजवळची पट्टी नेहमीच उशिरा पिकते, म्हणून जाणता कारागीर ती तळाला वापरत नाही.

तळाला म्हशीचं चामडं, तेही पाठीचं. पोटाकडचं ताणतं, चार महिन्यांत चप्पल पसरते. जोडीचे दोन्ही तळ कण्याच्या दोन बाजूंना समोरासमोरच्या जागेवरून कापायचे. एक पाठीचा, दुसरा कुशीचा असला तर दोन्ही पायताणं सारखी झिजत नाहीत. गिऱ्हाइकाला हे दुकानात दिसत नाही, वर्षभरानं कळतं. म्हणून कापणी सर्वांत शेवटी शिकवत. आधी चामडं भिजवणं, रापीला धार लावणं, वादी म्हणजे शिवायची चामड्याची बारीक दोरी काढणं. गोल तुकड्यावरून रापी फिरवत एकसंध वादी काढता येऊ लागली की मग शिलाई, तीही आधी वाया गेलेल्या तुकड्यांवर. भोक आरीनं, म्हणजे टोच्यानं, पाडायचं ते वादीपेक्षा लहान, थोडं तिरपं. वादी ओली ओढायची. वाळली की ती आखडून दोन्ही थर गच्च धरते. भोक मोठं झालं तर तिथून माती आणि पाणी शिरतं आणि आधी टाचच उकलते. खिळा कुठंच नाही. चुकलेलं भोक बुजवता येत नाही, त्यामुळे मार खाण्याची ही ठरलेली जागा.

तळाचे थर ओलसर असतानाच ठोकून घट्ट करतात. कान, म्हणजे बाजूच्या पाकळ्या, तळाला जोडायचे, पट्टा दोन थरांच्या मध्ये घालून बसवायचा, मग अंगठा अडकवायची कडी. वेणीसाठी बकऱ्याच्या चामड्याच्या बारीक पट्ट्या. एकीची जाडी दुसरीपेक्षा जास्त झाली की वेणी एका अंगाला कलते. हे बोटांना कळावं म्हणून मुली लहानपणापासून आईशेजारी बसत. पण जोड्याचा दर व्यापाऱ्याशी ठरे तो पुरुषाचा, आणि कारागीर म्हणून नाव लागे तेही त्याचंच.

साखळी तुटली ती मात्र चामड्याच्या टोकाला. बाहेरच्या टॅनरीतलं तयार चामडं व्यापाऱ्याकडून मिळू लागलं तसे गावातले चुन्याचे हौद बंद पडत गेले. त्या कामाला घाण आणि वास, वर जातीचा शिक्का. पुढच्या पिढीनं ते सोडलं यात गैर काय? महाराष्ट्रात २०१५ मध्ये आणि कर्नाटकात २०२१ मध्ये गोहत्याबंदीचे कायदे कडक झाले, त्यानंतर कातड्याची ने-आण करायलाही माणसं कचरू लागली. दुसरं कारण उचल. व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेतलेल्या घरात बऱ्याचदा चामडंही त्याचंच येतं, कधी कापलेले तळही. मग पाठ कोणती, पोट कोणतं, हे पोरानं पाहायचं कुठं?

सरकारी हात बराच आधी पोचला होता. महाराष्ट्राचं चर्मोद्योग महामंडळ १९७४चं, कर्नाटकाचं लिडकर १९७६चं. अथणीत खरा फरक पडला १९९०च्या दशकाच्या अखेरीस, बेंगळुरूच्या असेंट या संस्थेनं बायकांचे बचत गट उभे केले तेव्हा. त्यातून टोहोल्ड हे नाव बाहेरच्या बाजारात गेलं. परदेशी मागणीला मापं पक्की लागतात आणि शंभर जोड एकसारखे लागतात. घरगुती शिकवणीत या गोष्टीला जागाच नव्हती, कारण तिथं माप पायावरून घेतलं जाई. शिवाय बाईच्या कामाचे पैसे बाईच्या हातात, हे या भागात नवंच होतं.

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्रादा कंपनीनं हुबेहूब अशी चप्पल दाखवली, मूळ न सांगता. ओरड झाली, आणि डिसेंबरात कंपनीनं दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार केला: २,००० जोड इथं करून घ्यायचे, कारागिरांना प्रशिक्षणही द्यायचं. त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राची विश्वकर्मा योजना आली होती. तिचं मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत. नवी आरी आणि रापी घ्यायला ते पुरतं. या योजनेच्या अठरा व्यवसायांत चर्मकार आहे, कुंभार आहे, होड्या बांधणाराही आहे. कातडं कमावणारा त्या यादीत नाही.