बूबू हामा राष्ट्रीय संग्रहालय, नियामे

पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाचे राष्ट्रीय संग्रहालय. इतिहासकार व राजकारणी बूबू हामा यांच्या पुढाकाराने १८ डिसेंबर १९५९ रोजी, स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, ते उघडले. पाब्लो तूसे हे स्पॅनिश पुरातत्त्वज्ञ पहिले अभिरक्षक होते. हामा यांचे नाव मात्र २००८ मध्ये मिळाले.

एका मोठ्या इमारतीऐवजी इथे मोकळे आवार आहे. त्यात हौसा वास्तुशैलीची सुटी दालने, हौसा, सोंघाई-झर्मा, फुलानी, तुआरेग इत्यादी समाजांची नमुना घरे, प्राणिसंग्रहालय आणि कारागिरांच्या कार्यशाळा आहेत. गर्दी प्राण्यांपाशी होते, पण खरा ऐवज कार्यशाळांत आहे. विणकर, चर्मकार आणि चांदीकाम करणारे तिथेच बसून माल घडवतात व विकतात.

तुआरेग सोनारांचा ‘अगादेझचा क्रूस’ हा गळ्यातला लोलक मेण वितळवून काढण्याच्या पद्धतीने ओततात, आपल्याकडच्या डोक्रा या पितळी ओतकामासारखाच. आधी मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचे थर चढवून वाळवायचे, मग साचा तापवून मेण वाहू द्यायचे आणि त्या पोकळीत वितळलेली चांदी ओतायची. माती ओली राहिली तर आतल्या वाफेने साचा तडकतो. मेण पुरते निघाले नाही तर चांदीत भोके पडतात. दागिना काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे तंतोतंत दुसरा क्रूस होत नाही. कानशीने घासणे आणि नक्षी कोरणे त्यानंतरचे.

जीवाश्म दालनात तेनेरे वाळवंटातील गादूफावा येथे सापडलेला, पाठीवर उंच काट्यांची रांग असलेला ‘ऊरानोसॉरस’ हा डायनासोर आहे. १९७६ मध्ये फ्रेंच जीवाश्मशास्त्रज्ञ फिलिप ताके यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

सर्वांत प्रसिद्ध वस्तू मात्र एक वाळके खोड आहे. ‘तेनेरेचे झाड’ ही बाभूळकुळातली एकाकी खूण सुमारे ४०० किलोमीटरच्या टापूत एकटीच उभी होती आणि उंटांच्या तांड्यांना वाट दाखवी. १९३८-३९ च्या हिवाळ्यात शेजारी विहीर खणली, तेव्हा मुळे तीस मीटरहून खोल पाण्यापर्यंत गेलेली दिसली. १९७३ मध्ये एका ट्रकने झाड पाडले. चालक दारू प्यायला होता असे सांगतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खोड इथे आणून छपराखाली ठेवले. वाळवंटातल्या मूळ जागी लोखंडी नळ्यांचे झाड उभारले आहे.